वाजवणारा हात कोणाचा?

दिवाळीच्या फराळाच्या ताटावर भांडण काढू नये, असे माझी आई म्हणत असे. तिचा हा उपदेश मी आजवर पाळला. यंदा मात्र तो मोडण्याचे ठरवले आहे. कारण ज्या विषयावर भांडायचे तो ह्या सणासुदीच्या दिवसांतच सर्वांत मोठ्याने कानांवर आदळतो. वाचकांनी चकली बाजूला ठेवण्याचे कारण नाही. खाता खाता ऐकावे, आणि शेवटी राग आलाच तर तो खुशाल माझ्यावर काढावा.

ह्या भांडणाची सुरुवात कोजागरीच्या रात्री आमच्या तुळजापूरच्या घरी झाली. दसऱ्याचे सीमोल्लंघन आटोपून श्रमनिद्रेला गेलेली आई भवानी आश्विनी पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते, हे आपणांस ठाऊक आहेच. त्या दिवशी सोलापूरकडून चालत येणाऱ्यांची रीघ लागलेली असते. त्या गर्दीतून वाट काढीत माझा पुतण्या आपल्या चार मित्रांसह घरी आला. मुले पुण्यात नोकऱ्या करतात आणि फावल्या वेळात ‘मेटल’ नावाचे संगीत वाजवतात. केस खांद्यापर्यंत, सदरे काळे, सदऱ्यांवर कवट्या. आमच्या हिने दुधाचे पेले पुढे केले, आणि "अरे, सणाचे तरी काळे घालू नये," एवढेच म्हणून ती गप्प बसली.

पोरे मुंबईच्या कसल्याशा मेटल महोत्सवाला जाऊन आली होती. त्यावरून त्यांच्यात जुंपली. दोघे निव्वळ ऐकणारे, तिघे वाजवणारे. ऐकणाऱ्यांचे म्हणणे असे की, दोन हजारांचे तिकीट काढून गेलो, चार तास उन्हात उभे राहिलो आणि पाहतो तो काय, अर्धे संगीत संगणकातून येत होते! रंगमंचावर गिटारी दोन, कानांवर येतात सहा. गाणारा एक, आवाज चौघांचे. मग घरीच बसून तबकडी का ऐकू नये? त्यावर वाजवणारे उसळले. "तुम्हांला गाणे तबकडीसारखे हुबेहूब पाहिजे. एक सूर इकडचा तिकडे झाला की तुम्हीच नावे ठेवता. चाळीस मिनिटे मिळतात, आवाज जुळवून पाहायला दहा मिनिटेही मिळत नाहीत, आमचेच वाजवणे आम्हांला ऐकू येत नाही आणि प्रवासखर्च पदरचा. मग मागे ध्वनिमुद्रण लावले तर कुठे बिघडले?"

मी आरामखुर्चीत पडून ऐकत होतो. प्रामाणिकपणे सांगायचे तर, आरंभी माझी सहानुभूती कोणत्याच पक्षाला नव्हती. हे कसले संगीत, हा तर पत्र्याच्या कारखान्यातला खडखडाट, असे मी म्हणालो. पुतण्या हसला. "काका, तुम्ही थट्टेत म्हणालात, पण ते खरेच आहे," म्हणाला, आणि त्याने मला टोनी आयोमीची हकीकत सांगितली. इंग्लंडातील बर्मिंगहॅम हे लोखंडाच्या कारखान्यांचे शहर. तिथे पत्रा कापणाऱ्या यंत्रात सतरा वर्षांच्या ह्या पोराच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा; म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. दुसरा असता तर त्याने गिटार माळ्यावर टाकली असती. ह्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले आणि पुढे तारा सैल करून आवाज खाली उतरवला. ‘ब्लॅक सॅबथ’ ह्या त्याच्या संचाची पहिली तबकडी १९७० साली निघाली, आणि त्या जड, घुमणाऱ्या आवाजापासून हा सगळा पंथ चालू झाला. म्हणजे ज्याला मी खडखडाट म्हणत होतो, तो एका कामगाराच्या जखमी हाताचा आवाज होता. मी खुर्चीत जरा सावरून बसलो.

त्या पंथाची पंढरी जर्मनीच्या उत्तरेस वाकेन नावाच्या गावी आहे. गाव कसले, खेडेच. वस्ती दोन हजारांच्या आसपास. १९९० पासून तिथे दर वर्षी हा मेळा भरतो आणि आता त्याला पाऊणपाऊण लाख माणूस जमते. चिखलात तंबू ठोकून लोक राहतात. २०२३ साली तर पावसाने इतका चिखल झाला की पुढच्या लोकांना आत सोडणेच थांबवावे लागले. गावच्या अग्निशामक दलाचा बँडही ह्या मेळ्यात वाजवतो, हे मला विशेष आवडले. आपल्याकडे मुंबईत १९८६ साली ‘इंडिपेन्डन्स रॉक’ सुरू झाला आणि धोबी तलावच्या रंगभवनात त्याची कित्येक वर्षे गाजली. चिखल तुडवीत, उपाशीतापाशी, एका आवाजासाठी दुरून चालत जाणारी माणसे मी तुळजापूरकराने ओळखू नयेत, हे शक्य नव्हते. कपडे तेवढे काळे, यात्रा तीच.

तेव्हा निवाडा द्यायला मी पात्र झालो, असे समजून मी तो दिला. आणि तोच आज ह्या पानांवर पुन्हा देतो.

ऐकणाऱ्यांचे खरे आहे: रंगमंचावर जो उभा आहे, त्याच्याच हातून आवाज निघाला पाहिजे. आवाज पेटीतून आणि अभिनय हाताने, ही वाद्यकला नव्हे, सोंग आहे. सोंगालाही माझी हरकत नाही, पण बहुरूपीसुद्धा आपण बहुरूपी आहोत हे लपवीत नाही. पेटी लावायची तर सांगून लावा. परंतु वाजवणाऱ्यांचेही खरे आहे. तबकडीसारखे हुबेहूब मागणारा श्रोता हाच त्या पेटीचा बाप आहे. चूक नको म्हटले की माणूस नको म्हटल्यासारखेच होते. कारण न चुकणारी वस्तू एकच, यंत्र.

५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या मैदानावर त्याच ‘ब्लॅक सॅबथ’चा गायक ऑझी ऑस्बर्न शेवटचा गायला. वय ७६, कंपवाताने शरीर खिळलेले. उभे राहवेना, म्हणून सिंहासनासारख्या आसनावर बसून गायला. पोरांनी मला ते चित्रण दाखवले. आवाज जागोजागी थरथरत होता. तबकडीवरचा तरुण आवाज त्यांच्यापाशी होताच की! पण तो लावून भागले नसते. हजारो माणसे त्या थरथरीसाठीच जमली होती. त्यानंतर सतराव्या दिवशी तो गेला. प्रत्यक्ष ऐकणे म्हणजे काय, ह्याचा ह्याहून मोठा पुरावा मला नको.

इथवर माझा निवाडा सर्वांना मान्य झाला. मुलांनी टाळ्याही दिल्या. आणि नेमके तेव्हाच माझ्या पायांखालचे जाजम ओढले गेले.

ओसरीच्या खांबाला टेकून आमचे म्हातारे गोंधळी बसले होते. ते कदमराई, आमच्या घराण्याचा गोंधळ पिढ्यानपिढ्या त्यांच्याकडे. पुतण्याचे लग्न मार्गशीर्षात ठरले आहे, त्याची तारीख विचारायला आले होते. आमचे सगळे बोलणे त्यांनी ऐकले होते. ते हळूच म्हणाले, "मालक, मग आपल्या गोंधळाला किती येळ धरायचा?" मी घरात पाहिले. आतून उत्तर आले, "तासभर पुरे. नऊला डीजे येणार आहे."

वाचकहो, त्या क्षणी मला माझ्या निवाड्याची लाज वाटली. साता समुद्रांपलीकडच्या म्हाताऱ्याच्या थरथरत्या आवाजावर व्याख्यान झोडणारा मी, आणि माझ्या ओसरीवरच्या म्हाताऱ्याला एक तास! आणि हे पहिल्यांदाच झाले असेही नाही. माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नात आख्यान रंगात आले असताना, पंगत खोळंबली म्हणून मीच त्यांना ‘आटपा’ अशी खूण केली होती. त्यांनी संबळावरचा हात तसाच थांबवला. ते थांबणे मला आजही ऐकू येते.

गोंधळ म्हणजे काय, हे नव्या वाचकांसाठी सांगतो. चौक मांडतात, घट बसवतात, दिवटी पेटते. एकजण कमरेला संबळ बांधतो. ही जोडीची वाद्ये, एकाचा आवाज चढा, दुसऱ्याचा घुमारा खालचा; दोन काठ्यांनी वाजवायची, त्यांतली एक टोकाशी वळलेली. जोडीला तुणतुणे आणि झांज. पूर्वरंगात गावोगावच्या देवदेवतांना नावे घेऊन गोंधळाला बोलावतात, मग उत्तररंगात आख्यान. त्या बोलावण्यात तुमच्या कुळाचे नाव येते, तुमच्या गावचे दैवत येते, समोर बसलेल्या नवरदेवाची थट्टासुद्धा येते. हे कोणत्या पेटीत भरून ठेवणार? पेटीला तुमचे नाव ठाऊक नाही. उद्या तीच पेटी शेजारच्या लग्नात तेच वाजवील.

आणि आमच्या जिल्ह्यात आज काय वाजते? तुळजापूर असो, नळदुर्ग असो की परंडा. वरातीत आणि मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांची भिंत उभी राहते आणि घरांची भिंत हादरते. कायदा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांना बंदी केली. सवलतीचे मोजके दिवस सोडले, तर ती आजही आहे. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आणि डेसिबलचा हिशेब साधा नाही. दहाने आकडा वाढला की ध्वनीची शक्ती दहापट होते. जी देवी दसऱ्यानंतर पाच दिवस विश्रांती घेते म्हणून आपण पलंगाला हात जोडतो, त्याच दिवसांत तिच्याच नावाने आपण तान्ह्या पोरांची झोप उडवतो. ह्याला भक्ती म्हणायचे? मोठा आवाज मेटलवाल्यांचाही असतो. पण तो तिकीट काढून आलेल्यांसाठी, मैदानात. आपला आवाज न मागणाऱ्याच्या छातीवर बसतो, आणि त्यामागे वाजवणारा हातच नसतो! बटण दाबणारे एक बोट, बस्स.

आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत. कोणी म्हणेल, काळ बदलला, पोरांना तेच आवडते. पोरांना काय आवडते ते मी कोजागरीला पाहिले. ती पोरे प्रत्यक्ष वाजवणाऱ्या हातासाठी मुंबईपर्यंत गेली आणि तो न दिसल्यामुळे चिडून परतली. कोणी म्हणेल, खर्च परवडत नाही. ज्या मांडवात भिंतीएवढे ध्वनिक्षेपक येतात, तिथे चार माणसांची बिदागी परवडत नाही, हे मला पटत नाही.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्यापुढे मी मान लववतो. कोणी विचारील, गोंधळ्याच्या पोराने जन्मभर गोंधळच घालावा, असे तुमचे म्हणणे आहे काय? नाही, मुळीच नाही. त्या म्हाताऱ्यांचा नातू पदवीधर होऊन नोकरीला लागला, ह्याचा मला आनंदच आहे. दारोदार जोगवा मागण्यातली लाचारी परंपरेच्या नावाने त्याच्या गळ्यात बांधणारा मी कोण? पण मग मी दुसरा प्रश्न विचारतो. माझा पुतण्या आठ वर्षे बोटे सोलून गिटार शिकला. आम्ही कौतुकाने पैसे दिले. त्याने लहानपणी एकदा संबळाला हात लावला होता. तेव्हा आमच्याच घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्याचा हात मागे ओढला. ‘ते आपले काम नाही,’ म्हणाले. बर्मिंगहॅमच्या कामगाराच्या वाद्याला आमच्या घरात जात नाही. ओसरीवरच्या वाद्याला आहे! गोंधळ मरत असेल तर तो डीजेने नंतर मारला. आधी आपण त्याला एका जातीच्या पाठीवर लादून, वर मानही न देता, मारायला काढला. वाद्य जगायचे तर ते ज्याला शिकावेसे वाटेल त्याच्या हाती गेले पाहिजे, आणि शिकवणाऱ्याला गुरूचा मान व गुरूचे वेतन मिळाले पाहिजे.

म्हणून माझे मागणे थोडके आहे. ज्यांच्या घरी येत्या लग्नसराईत कार्य आहे त्यांनी वाजवणारी माणसे बोलवावीत. संबळ, हलगी, सनई, नाहीतर पोरांची गिटार, काहीही. त्यांना आधी बिदागी ठरवून द्यावी, वेळ द्यावा, पंगतीत बरोबरीने बसवावे. आणि ती चुकली तर नाक मुरडू नये.

आमच्या घरचा निकाल सांगून पुरे करतो. डीजेवाल्याला दिलेला विसार बुडाला. घरात दोन दिवस माझ्याशी कोणी धड बोलले नाही. गोंधळ रात्रभर आहे. आणि पुतण्या दिवाळीच्या सुट्टीत रोज सकाळी त्या म्हाताऱ्यांच्या दारी जातो. काल विचारले, काय शिकलास? म्हणाला, "काका, अजून काठी धरायलाच शिकतोय. चार वेळा हातातून सुटली."

सुटू दे. हात त्याचा आहे.