मुक्या जनावराचे पुढे काय?



या सदरात आपण खुरकूत, गोचीड, चाऱ्याची टंचाई असेच विषय घेतो. वसईच्या बागायती पट्ट्यात मात्र एक वेगळाच प्रश्न कानी येतो. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, ख्रिस्ती कुटुंबे कबरींवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. तेव्हा एखादे पोर विचारते, आपली म्हातारी गाय मेली, तिच्यासाठी का नाही लावत? मोठी माणसे गप्प होतात.

प्रश्न पोरकट नाही. रहाटाच्या काळात इथल्या केळीला आणि पानवेलीला पाणी मिळाले ते जनावराच्या मानेवर.

चर्चची जुनी शिकवण कडक आहे. तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्वायनस यांच्या मते जनावरालाही जीव असतो, पण तो देहाबरोबर संपतो. अमर आत्मा माणसाचाच. 2014 च्या डिसेंबरात पोप फ्रान्सिस यांनी एका मुलाला ‘तुझा कुत्रा स्वर्गात भेटेल’ असे सांगितल्याची बातमी जगभर गाजली. ती खोटी निघाली, मोठ्या वर्तमानपत्रांना दुरुस्ती छापावी लागली. मात्र 2015 च्या ‘लाउदातो सी’ या पत्रात याच पोपनी सार्वकालिक जीवनात प्रत्येक प्राणिमात्राला तेजस्वी रूपात स्थान असेल, असे लिहिले. म्हणजे दाराला कडी घातलेली नाही, इतके खरे.

मला विचाराल तर बायबलात जनावर स्वर्गापेक्षा खळ्यावर जास्त भेटते. मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये, हा मोशेच्या नियमशास्त्रातला हुकूम. आमच्या खात्याने याहून चांगला सल्ला क्वचितच दिला असेल! सातव्या दिवसाची विश्रांती बैलाला आणि गाढवालाही आहे. शब्बाथाच्या दिवशी बैल विहिरीत पडला तर लगेच काढणार नाही का, असे येशू विचारतो. बावखलाकाठी राहणाऱ्यांना हे समजावायला नको. निनवे शहरावर देव दया करतो तेव्हा तिथली गुरेढोरेही त्याच्या ध्यानात असतात. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथानेही जनावराला विनाकारण यातना देणे माणसाला अशोभनीय ठरवले आहे.

पोराला एक गोष्ट मात्र निःशंक सांगता येईल. त्या दिवशीची प्रार्थना पापांतून शुद्ध व्हायच्या आत्म्यांसाठी असते. गायीने पाप केलेले नाही, मग तिला मेणबत्तीची गरज कसली? हिशेब द्यायचा आहे तो तिला राबवणाऱ्याला.

राहता राहिले माझ्या खात्यातले काम. मेलेले जनावर बावखलाकडे किंवा ओढ्यात टाकू नका. विहिरीपासून दूर, सहा फूट खोल खड्ड्यात पुरा, वर चुना टाका. जनावर अचानक मेले आणि नाकातोंडातून काळसर रक्त आले तर फाशी रोगाचा संशय धरा. कातडे सोलू नका, मुलांना जवळ येऊ देऊ नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा.