बारावीनंतर ऑडिट: शिकाऊ की हरकाम्या?

घरी फोन केला की कोणी ना कोणी काकू हमखास विचारतात, "तिकडची मुलं म्हणे शाळा संपली की कामाला लागतात? कॉलेज वगैरे काही नाही?" विचारताना आवाजात कीव असते. अठराव्या वर्षी कामाला लागलेला मुलगा म्हणजे एक तर घरची परिस्थिती नसेल, नाहीतर डोकं नसेल. तिसरी शक्यता आपल्याकडे कोणी धरतच नाही.

मंडळी, ही तिसरी शक्यता दरवर्षी आमच्या इंग्लंडमधल्या कारखान्यात येते आणि आम्हा इंजिनियर लोकांना घाम फोडते.

आमच्या कंपनीचं आर्थिक वर्ष डिसेंबरला संपतं. तेव्हा गोदामातला माल मोजला जातो आणि ऑडिटर तिथे हजर राहतात. ऑडिटर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे टक्कल आणि ब्रीफकेस आली असेल. मागच्या खेपेला आली ती एकोणीस वर्षांची मुलगी, पायात दोन नंबर मोठे सेफ्टी बूट. शाळा संपवून वर्षभरापूर्वी फर्ममध्ये शिकाऊ म्हणून लागलेली. तिने आधी आमच्या यादीतल्या काही वस्तू निवडल्या आणि म्हणाली, या रॅकवर दाखवा. मग उलटं. रॅकवरच्या वस्तू स्वतः निवडल्या आणि म्हणाली, आता या यादीत दाखवा. पहिल्या फेरीत यादीत आहे पण गोदामात नाही असा माल सापडतो, दुसऱ्या फेरीत गोदामात आहे पण यादीत नाही असा. शेवटच्या डिस्पॅच नोटांचे नंबर तिने उतरवून घेतले, म्हणजे वर्षअखेरीला ट्रकमध्ये चढलेला माल विक्रीतही आणि साठ्यातही असा दोनदा धरला जाऊ नये. एक सीलबंद खोकं फोडायला लावून आतली बेअरिंग मोजली. (आमचा गोदामवाला अजून त्या खोक्याबद्दल कुरकुरतो.)

पण मला खरं बघायला मिळालं ते दुपारी. तिची सीनियर आली, शेजारी खुर्ची ओढून बसली आणि तिचे कागद ओळ न् ओळ तपासले. दोन ठिकाणी बोट ठेवून विचारलं, "हे कशावरून?" पोरगी उठली, पुन्हा गोदामात गेली आणि पुन्हा मोजून आली. याला म्हणतात शिकवणं.

आता काकूंसाठी थोडा हिशेब. या मुलीला पहिल्या दिवसापासून पगार आहे. शिकाऊ उमेदवारासाठी कायद्याने ठरवलेलं किमान वेतन एप्रिल २०२५ पासून ताशी ७.५५ पौंड होतं, आणि मोठ्या ऑडिट फर्म्स त्याहून बरंच जास्त देतात. प्रशिक्षण पगाराच्या वेळेतच द्यावं लागतं आणि त्याचा खर्च मुलीकडून घेता येत नाही. तिची मैत्रीण त्याच वेळी विद्यापीठात वर्षाला ९,५३५ पौंड फी भरते (२०२५-२६ चा दर), तीही बहुतेक कर्ज काढून. आणि चार ते सहा वर्षांनी, सगळ्या परीक्षा पास झाली तर, हिच्या नावापुढे तीच अक्षरं लागतात जी पदवीधराच्या नावापुढे लागतात. दोन नंबरचा दरवाजा वगैरे काही नाही.

इथे स्वर्ग आहे असं मी म्हणत नाही. जानेवारी ते मार्च ही मुलं रात्रीपर्यंत राबतात. बऱ्याच फर्म्समध्ये परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाल्यास नोकरी जाते. जानेवारी २०२६ पासून सरकारने वरच्या पातळीच्या शिकाऊ प्रशिक्षणाचा पैसा मुख्यतः २१ वर्षांपर्यंतच्या उमेदवारांपुरता ठेवला आहे. असो.

माझा राग वेगळाच आहे. हे सगळं आपल्याकडे आहे की! १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्यापासून सीए होणाऱ्या प्रत्येकाला आर्टिकलशिप करावीच लागते. बारावी, फाउंडेशन, इंटर, की लागलीच एखाद्या सरांच्या हाताखाली. काम करता करता शिकायचं. मग त्या आर्टिकलशिपचं आपण काय केलं?

माझा भाचा एका शहरात, एका ऑफिसात (नाव नको) आर्टिकल आहे. मी विचारलं, "काय शिकलास रे वर्षभरात?" म्हणाला, "मामा, सरांच्या घरचं लाइट बिल कुठे भरायचं ते शिकलो." चेष्टेत म्हणाला, पण पुढची यादी चेष्टेची नव्हती. झेरॉक्स, बँकेत चेक टाकणं, टॅलीत एंट्र्या, जीएसटीची रिटर्नं. ऑडिटला क्लायंटकडे गेला ते दोनदा, दोन्ही वेळा व्हाउचरवर टिका मारायला. का मारायच्या ते कोणी सांगितलं नाही. स्टायपेंड इतका की महिन्याचं पेट्रोल निघावं. ऑफिस बदलायचं तर ज्यांच्याबद्दल तक्रार त्याच सरांची सही आणायची. याला शिक्षण म्हणायचं?

आणि पालकांनी हात झटकू नयेत. डमी आर्टिकलशिप हा शब्द कोणी काढला? कागदावर आर्टिकल, प्रत्यक्षात पोरगा दिवसभर क्लासमध्ये, आणि सर गप्प. आईवडील खूश, कारण रँक येईल. ज्याने आयुष्यात एक खोकं मोजलं नाही तो उद्या कंपनीच्या हिशेबावर सही करणार.

"त्याने काय बिघडतं?" असं ज्यांना वाटतं त्यांनी सत्यम आठवावं. जानेवारी २००९ मध्ये रामलिंग राजूंनी स्वतःच लिहून दिलं की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोख आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नाही. बँकेकडून शिल्लक पडताळून घेणं हे ऑडिटमधलं पहिलीच्या इयत्तेचं काम. नियम एवढाच की पत्र ऑडिटरने स्वतः पाठवायचं आणि उत्तर स्वतःच्या हातात घ्यायचं. २०११ मध्ये अमेरिकेच्या एसईसीने ऑडिटर फर्मवर कारवाई करताना नेमकं हेच म्हटलं, की ही पत्रं पाठवणं आणि घेणं त्यांनी सत्यमच्याच व्यवस्थापनावर सोडून दिलं होतं. पत्र टाकायला कोणाला पाठवायचं आणि त्याला काय सांगून पाठवायचं, हा प्रश्न एवढा महाग असतो.

सर लोकांचं उत्तर मला पाठ आहे. "शिकवायला वेळ कुठाय? आणि शिकली की सोडून जातात." अहो, जाणारच! इथलीही मुलं परीक्षा संपल्या की दुसरीकडे जातात, तरी फर्म्स दरवर्षी नवी मुलं घेतात, कारण मधल्या वर्षांत ती खरं काम करतात आणि क्लायंटकडून त्याचे पैसे मिळतात. लाइट बिल भरणाऱ्या पोराचे कोणता क्लायंट देणार?

२०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आणली. शिकवत असाल तर दोन पुरेत. शिकवत नसाल तर आधी तीन वर्षांची सक्तमजुरी होती, आता दोन वर्षांची झाली, एवढाच फरक.

भाच्याच्या धाकट्या बहिणीला यंदा आर्टिकलशिप शोधायची आहे. तिला सांगितलंय, मुलाखतीत स्टायपेंडच्या आधी एकच विचार: "सर, माझे वर्किंग पेपर्स कोण तपासणार?" एका ठिकाणी विचारून आली. सर म्हणाले, "कसले पेपर्स?"