हळदीची लढाई जिंकली, पट्टीचे काय?

सीताबर्डीच्या औषध दुकानांपुढे रोज जी गर्दी उभी असते, तिच्यात नागपूरकरांबरोबर यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीहून आलेली मंडळीही असतात. लगतच्या धंतोली-रामदासपेठेतील रुग्णालयांत कुणाचा भाजलेला, कुणाचा मधुमेहाने पाय चिघळलेला आप्त दाखल असतो. चिठ्ठीवर गोळ्यांसोबत जखमेवर लावायच्या जेलचे किंवा चांदीयुक्त पट्टीचे नाव असते. एक पट्टी घेणे जमते. महिनाभर ती बदलत राहणे शेतकरी कुटुंबाला जमत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींहून अधिक सांगितली. कापसाच्या शेतात अनवाणी पायात रुतलेला काटा अशा रुग्णाचा पाय घेऊन जाऊ शकतो. म्हणून जखमेची पट्टी हा किरकोळ विषय नव्हे.

जखम कोरडी ठेवावी, खपली धरू द्यावी, हा समज जगभर दृढ होता. १९६२ साली जॉर्ज विंटर या शास्त्रज्ञाने डुकरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने येते. आजची हायड्रोजेल याच तत्त्वावर उभी आहेत. जाळीदार रचनेत भरपूर पाणी धरून ठेवणारा हा पदार्थ दाह शमवतो, जखमेला चिकटत नाही आणि काढताना नवी त्वचा ओरबाडत नाही. त्यापुढचे पाऊल विरघळणाऱ्या पातळ पापुद्र्यांचे. कोळंबीच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसॅनसारख्या द्रव्यांत जंतुनाशक मिसळून हे पापुद्रे करता येतात. जखमेतील स्रावात ते हळूहळू विरघळतात आणि औषध नेमक्या जागी सुटते. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढत असताना या स्थानिक उपचाराचे मोल अधिकच आहे.

यात भारत मागे होता काय? मुळीच नाही. सुश्रुताने व्रणचिकित्सेचे साठ उपक्रम सांगितले. मध आणि तूप त्याच्या व्रणोपचारात आहेत. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली १०४ भाजलेल्या रुग्णांवरील तुलना ब्रिटिश शल्यचिकित्सा नियतकालिकात मांडली. मध लावलेल्या गटात सात दिवसांत ९१ टक्के रुग्णांचा जंतुसंसर्ग आटोक्यात आला. सिल्व्हर सल्फाडायझिन लावलेल्या गटात अवघ्या सात टक्क्यांचा. मुंबईच्या शीव रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांसाठी केळीच्या पानाची पट्टी तपासून २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. भाभा अणुसंशोधन केंद्राने तर गॅमा किरणांच्या साहाय्याने हायड्रोजेल तयार करण्याचे तंत्र विकसित करून उद्योगांना दिले. एकाच किरणप्रक्रियेत जेल घट्ट होते आणि निर्जंतुकही होते.

ज्ञान आहे, पुरावा आहे, तंत्रही आहे. मग उणीव कोठे आहे? उत्तर हळदीच्या लढाईत सापडते. हळदीने जखम भरते, या 'शोधा'बद्दल मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, बत्तीस संदर्भ सादर केले आणि १९९७ मध्ये तो दावा फेटाळला गेला. तो विजय संतापाचा नव्हता, लेखी पुराव्याचा होता. तथापि आपण थांबलो तेथेच. दुसऱ्याचा दावा खोडणे ही राखण झाली. पीक काढणे अजून बाकी राहिले. सोलापूरचे निष्कर्ष जगाने वाचले, पण वैद्यकीय मधाची पट्टी अमेरिकेच्या बाजारात २००७ साली मान्यता मिळवून आली ती मानुका मधाची. सोलापूरच्या नावाने तशी पट्टी जगाच्या बाजारात गेली नाही.

अभिमानाच्या भरात आणखी एक घात होतो. घरातील मध किंवा डब्यातील हळद उघड्या जखमेवर थापणे म्हणजे परंपरा जपणे नव्हे. मधात धनुर्वाताच्या जंतूच्या कुळातील जंतूंची बीजे असू शकतात. म्हणूनच वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. परंपरा दिशा दाखवते. मात्रा, शुद्धता आणि सुरक्षितता प्रयोगशाळेनेच ठरवायची असते.

नागपूरला तर या कामासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. सीताबर्डीपासून काही किलोमीटरच्या आत १९४२ मध्ये स्थापन झालेली, आता विद्यापीठ बनलेली लक्ष्मीनारायण संस्था आहे, नागपूर विद्यापीठाचा औषधनिर्माण विभाग आहे आणि १९४७ पासून विदर्भाचे रुग्ण सांभाळणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. बहुवारिके जाणणारा, औषध बांधणारा आणि जखम धुणारा असे तिघेही एकाच शहरात आहेत. त्यांना एका टेबलाशी बसवणारा हवा. शासनाने चाचण्यांचा खर्च उचलावा, उद्योजकांनी उत्पादन हाती घ्यावे आणि कसोटीला उतरलेली पट्टी ग्रामीण रुग्णालयांसाठी नियमित खरेदी करावी.

स्वदेशीची खरी परीक्षा सभेतील टाळ्यांनी होत नाही. गडचिरोलीतील एखाद्या मजुराचा पाय आपल्याच देशात सिद्ध झालेल्या, त्याला परवडणाऱ्या पट्टीने वाचेल, त्या दिवशी हळदीची लढाई पूर्ण जिंकली असे म्हणता येईल.