बिऱ्हाड कोणाच्या वाड्यांत?

आमच्या वाचकांच्या कित्येक घरांत हल्लीं एखादा मुलगा वा मुलगी संगणकाच्या व्यवसायांत आहे. नोकरीचे तास संपल्यावर त्यांपैकीं कांहींजण विनावेतन आणखी एक काम करितात. ज्याचा मूळ कोड सर्वांस खुला असतो, अशा ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्यें ते दुरुस्त्या सुचवितात. अशा कामास मदतीचे हात किती लाभतील, हें कामाच्या गुणाप्रमाणेंच तें कोठें मांडलें आहे, यावरहि अवलंबून असतें.

२००८ सालीं निघालेल्या गिटहबवर एकदां नांव नोंदविलें कीं असंख्य प्रकल्पांचीं दारें एकाच किल्लीनें उघडतात. नवख्यानें प्रत काढावी, चूक सुधारावी व ती स्वीकारण्याची विनंति धाडावी. पायथॉन भाषेच्या चालकांनीं २०१७ सालीं आपला कोड तेथें नेला, तो बव्हंशीं याच सोयीसाठीं. प्रत्येक दारीं निराळी रीत शिकावी लागली, तर एका अक्षराची चूक सुधारावयास आलेला पाहुणा उंबरठ्यावरूनच परतेल.

परंतु वर्दळीच्या वाड्यास मालक असतो. गूगल कोड हें असेंच एक गजबजलेलें ठिकाण मालकानें २०१६ सालीं बंद केलें. २०१८ सालीं मायक्रोसॉफ्टनें गिटहब साडेसात अब्ज डॉलरांस विकत घेतलें. पुढच्याच वर्षीं अमेरिकेच्या निर्बंधांमुळें इराणांतील प्रोग्रॅमरांस तेथील खाजगी सोयी बंद झाल्या. परवाना मिळून त्या पुन्हा खुल्या होण्यास २०२१ साल उजाडलें.

म्हणून स्वतंत्र घरच करावें काय? ग्नोमनें २०१८ सालीं गिटलॅब ही प्रणाली स्वतःच्या ताब्यांत चालविली. लिनक्सच्या गाभ्याच्या दुरुस्त्या तर आजहि ई-मेलनेंच जातात, आणि हातांची वाण पडत नाहीं. मात्र तेथें राबणारे पुष्कळसे लोक कंपन्यांचे पगारी आहेत. केवळ हौसेवर चालणाऱ्या लहान प्रकल्पास हा थाट परवडत नाहीं.

२००५ सालीं लिनस टोरवाल्ड्स यांनीं रचलेल्या गिटमध्यें प्रत्येक पूर्ण प्रतींत कामाचा सारा इतिहास असतो. तेव्हां कोड हलविणें सोपें. अडकून पडतात त्या दाखविलेल्या चुका, झालेले वाद आणि निर्णयांचीं कारणें. ज्यांनीं फुकट श्रम दिले, त्यांची खरी मिळकत तीच. आमच्या तरुणांनीं दार खुशाल रहदारीच्या रस्त्यावर ठेवावें. पण या कागदपत्रांची नक्कल वेळोवेळीं आपल्या घरच्या पेटींत उतरवून घ्यावी.