श्मशान आमचे, गिटार त्यांची?

फादर जॉन मिस्टी हे नाव ऐकून पाद्री डोळ्यांसमोर येईल, पण हा पाद्री नव्हे. जॉश टिलमन नावाचा अमेरिकन गायक-गीतकार या टोपणनावाने गातो. या नावाखालचा त्याचा सहावा अल्बम २२ नोव्हेंबर २०२४ रोजी आला. अल्बमचे नाव 'महाश्मशान'! होय, तेच, काशीला पुराणांनी दिलेल्या नावांपैकी एक.

परक्याने संस्कृत शब्द उचलला की आपल्याकडे दोन सूर ठरलेले. एक, "आमचा शब्द पळवला." दुसरा, "बघा, शेवटी आमच्याच दारी आले." दोन्ही सूर लावणाऱ्यांना एकच विचारावेसे वाटते : गाणी ऐकलीत का हो?

टिलमन कडव्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती घरात वाढला, जिथे ऐहिक संगीतावरही बंधने होती. देवाधर्माशी त्याचे भांडण जुने आहे. तो मुमुक्षू होऊन आपल्या पायाशी आलेला नाही आणि भारतीय वाद्यांची झूलही पांघरत नाही. १९७० साली जॉर्ज हॅरिसनने गाण्यात कृष्णनाम घातले, ते भक्त म्हणून. टिलमनला फक्त एक शब्द हवा होता, जिथे शेवटी सगळेच जाते त्या जागेचा. इंग्रजीत त्याला तसा शब्द सापडला नसावा. नऊ मिनिटांहून मोठ्या शीर्षकगीतात व्हायोलिनांचा ताफा लाटेसारखा चढत जातो आणि तो शब्द त्या लाटेवर तरंगतो. उच्चार सदोष आहे. असेना! आपल्या नभोवाणीवरसुद्धा 'श्म' कितीजणांना नीट म्हणता येतो?

आणखी एक गंमत. टोपणनावाने गाणारा हा माणूस गाण्यांच्या नावांत मात्र आपले खरे नाव घालतो. या अल्बममधल्या एका गाण्यात नशेत भ्रमिष्ट झालेल्या जॉश टिलमनची फजिती आहे. आपल्याला ही नाममुद्रा नवी आहे का? तुकोबांपासून सोहिरोबांपर्यंत कवी शेवटच्या चरणात स्वतःच उभा राहतो. फरक आहेच. संतांची मुद्रा साक्षीची, याची टवाळीची. पण 'मी'ला बाहेर काढून त्याच्याकडे बघण्याची खोड तीच.

सोहिरोबानाथ आंबिये हे १७१४ साली जन्मलेले, पेडण्यातल्या पालयेचे. बांद्याचे कुळकर्णीपण सोडून ते निघाले, म्हणजे आम्हा कारकुनांचे पूर्वजच (आम्ही मात्र पेन्शनीपर्यंत खुर्ची सोडत नाही). ग्वाल्हेरीस महादजी शिंद्यांची स्तुती करायला त्यांनी नकार दिला, अशी कथा आहे. त्यांची पदे जितेंद्र अभिषेकींनी गायली म्हणून ती आज घराघरांत आहेत. पण ज्या दिवशी ती लिहिली गेली, त्या दिवशी ती नवी होती हे आपण सोयीस्कर विसरतो.

आज गावोगाव भजनी स्पर्धा होतात. पेटी, पखवाज, झांज उत्तम, पोरांचे गळे तयार. पण पद जुने, चाल जुनी, बुवांनी घेतली तीच तान. वर्तमानपत्र उघडावे तर रस्त्यावर गेलेल्या विशी-बाविशीच्या मुलांचे फोटो. त्यांच्या बाराव्याला आपण काय गातो? तीनशे वर्षांपूर्वीचे पद, आणि पद थोर असल्यामुळे कोणी काही बोलत नाही. त्या मुलांविषयी, त्यांच्या आयांविषयी मराठीत नवे गाणे लिहून त्याला चाल लावणारा गोव्यात कुठे दिसतो? कोणी गिटार हाती घेतलीच, तर तिथेही नाक मुरडायला आपण तयार : "ते त्यांचे वाद्य!" त्यांचे म्हणजे कोणाचे, हे मोठ्याने म्हणायचे धैर्य मात्र नसते.

टिलमनचा अल्बम निर्दोष नाही. आठ गाण्यांत दोन-तीन ठिकाणी वाद्यांचा मेद फार आहे आणि स्वतःच्या चतुराईवर तो खूश होतो हे कानाला कळते. 'मेंटल हेल्थ' या गाण्यातला उपहास मला थोडा स्वस्त वाटला. पण शीर्षकगीत आणि आठ मिनिटांहून लांब असलेले, काळ सगळ्यांनाच मूर्ख ठरवतो असे सांगणारे गाणे, ही दोन जरूर ऐकावीत. हेडफोन लावून, सलग. मग शब्द पळवला म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.