नांवामागचें माणूस

श्राद्धाच्या दिवशीं कर्ता हातीं दर्भ घेऊन पिता, पितामह आणि प्रपितामह अशीं तीन नांवें उच्चारतो. पिता वसुरूप, पितामह रुद्ररूप, प्रपितामह आदित्यरूप. पुढें घरांतील आणखी एक वडील माणूस गेलें, त्याचें सपिंडीकरण झालें, कीं ही ओळ एका घरानें सरकते आणि सर्वांत वरचें नांव पिंडाच्या क्रमांतून सुटतें. शास्त्राचा हा हिशेब मोठा समंजस आहे. मनुष्याची प्रत्यक्ष आठवण साधारणपणें तेवढीच टिकते. ज्यानें पणजोबांस डोळ्यांनीं पाहिलें असा कोणी घरांत उरला नाहीं, म्हणजे पणजोबा वंशावळींतील एक अक्षरपंक्ति होऊन राहतात. त्याबद्दल तक्रार करण्यांत अर्थ नाहीं. परंतु अलीकडे असें दिसूं लागलें आहे कीं, नांव तीन पिढ्या टिकलें तरी त्या नांवामागचें माणूस मात्र वर्षश्राद्धापूर्वींच पुसून जातें. या महिन्यांत त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

तेराव्या दिवशीं गोडाचें जेवण आटोपल्यावर मंडळी सतरंजीवर बसतात आणि गेलेल्या माणसाविषयीं बोलणें निघतें. तें बोलणें लक्ष देऊन ऐकावें. पुरुष असेल तर तो 'करारी, पण मनाचा मऊ' असतो. स्त्री असेल तर ती 'अन्नपूर्णा' आणि 'सोशिक' असते. हे शब्द खोटे नसतात. पण ते एका घरांतून उचलून दुसऱ्या घरांत ठेवले तरी कोणाच्या लक्षांत येणार नाहीं. ज्या बाईनें सत्तर वर्षें एक संसार ओढला, तिच्याविषयीं शेजारच्या घरीं चालणार नाहीं असें एकहि वाक्य आपणांस सांगतां येऊं नये, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. त्यांतून २०२० व २०२१ या महामारीच्या दोन वर्षांत जीं वृद्ध माणसें गेलीं, त्यांच्या वांट्यास तर हें तेराव्याचें बोलणेंहि आलें नाहीं. किती घरीं चार माणसांतच सर्व उरकावें लागलें, आणि मग 'पुढें केव्हां तरी सगळीं जमूं' असें म्हणतां म्हणतां वर्षें लोटलीं. त्या माणसांचें देणें अजून आपल्या शिरावर आहे.

स्त्रियांच्या बाबतींत ही विस्मृति दुहेरी आहे. लग्नांत तबकांतील तांदळांवर सोन्याच्या अंगठीनें नवें नांव लिहिलें गेलें, कीं माहेरचें नांव मागें पडलें. तर्पणांत उच्चार होतो तो सासरच्या नांवाचा आणि सासरच्या गोत्राचा. आपल्या आजीचें माहेरचें पाळण्यांतलें नांव काय, असा प्रश्न घरांतील मुलांस एकदां विचारून पाहावा. किती जणांस उत्तर देतां येतें हें पाहिलें म्हणजे माझें म्हणणें पटेल. वास्तविक आपल्या धर्मशास्त्रकारांची दृष्टि इतकी आखूड नव्हती. भाद्रपदांतील महालयाच्या यादींत चुलते, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, सासरा, गुरु आणि आप्त या सर्वांस स्थान आहे. ज्यांस पुत्र नाहीं, ज्यांचें वेगळें श्राद्ध कोणी करीत नाहीं, तींहि माणसें वर्षांतून एकदां बोलावलीं जावींत अशी ही योजना आहे. घरांतील अविवाहित काका, बालविधवा आत्या, आश्रयास राहिलेली दूरची मावशी, हीं ज्यांच्या आधारावर आपलीं एकत्र कुटुंबें उभीं होतीं, त्यांना ओंजळभर पाणी मिळतें. ओळभर आठवणहि मिळावी, एवढेंच माझें मागणें आहे.

आठवण कशी लिहावी याचे धडे आपल्या भाषेंत आहेत. न्यायमूर्ति रानडे १९०१ मध्यें निवर्तले. रमाबाईंनीं 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' १९१० मध्यें प्रसिद्ध केल्या. न्यायमूर्तींचें सार्वजनिक कार्य दुसरे लिहीतच होते. घरांतील माधवराव मात्र रमाबाईंवांचून कोणास दिसणार नव्हते. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून भागाभागानें बाहेर आलीं. त्यांत त्यांनीं आपल्या वडिलांचें पराकोटीचें सोंवळें लिहिलें, पतीचा कोपिष्ट स्वभावहि लिहिला. आणि तरी तें पुस्तक मिटतांना त्या दोघांविषयीं वाचकाचें मन कडू होत नाहीं. प्रेमानें सांगितलेला दोष माणसाला लहान करीत नाहीं, तो त्याला खरें करतो. दोष वगळून केलेली स्तुति मात्र ऐकणाऱ्यास खरी वाटत नाहीं, आणि जी खरी वाटत नाहीं ती लक्षांतहि राहत नाहीं.

हें सर्व बोलावयास सोपें आहे. घरांत करूं गेलें कीं अडचण येते. आमच्या थोरल्या काकू गतवर्षीं वयाच्या ९२ व्या वर्षीं निवर्तल्या. तेराव्याला त्यांच्या पुरणपोळीची आणि मेतकुटाची आठवण सर्वांनीं काढली. मागाहून त्यांची ट्रंक आवरतांना पोथीच्या रुमालांत दोन कागद निघाले. एक, १९४७ सालीं व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण झाल्याचा दाखला. त्या काळीं या परीक्षेवर प्राथमिक शाळेंत नोकरी मिळत असे. दुसरा कागद १९५२ च्या जून महिन्यांतला, जवळच्याच एका गांवच्या शाळेंत शिक्षिका म्हणून नेमणूक झाल्याचा. काकू त्या नोकरीवर कधीं रुजू झाल्या नाहींत. एवढेंच नव्हे, तर असा कांहीं कागद आला होता हेंहि घरांत कोणास ठाऊक नव्हतें. आणि मला धुळाक्षरें गिरवून घेतलीं तीं याच काकूंनीं! ताटांत राख पसरून, माझें बोट धरून. पुढें मीं जन्मभर शाळेंत शिकविलें. परंतु आमच्या घरांत नेमणुकीचा पहिला कागद माझा नव्हता, हें मला साठी उलटल्यावर समजलें.

नोकरी कां केली नाहीं? काकूंचे चिरंजीव, म्हणजे आमचे दादा, म्हणाले, "आईलाच हौस नव्हती. तिचा सगळा जीव घरांत." काकूंच्या धाकट्या भगिनी इंदुरास असतात, वय ८८, स्मरण लख्ख. त्यांना विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, "त्या जूनमध्यें ताई आठ दिवसांकरितां माहेरीं आली होती. आईनें खोदून विचारलें तरी बोलली नाहीं. जातांना आपलीं पुस्तकें तेवढीं मला देऊन गेली. तीच वाचून मी परीक्षेस बसलें. तुमच्या आजोबांनीं नको म्हटलें, हें मला फार वर्षांनीं कळलें."

आम्हीं काकूंच्या आठवणींची वही घातली होती. हें त्यांत लिहावें कीं नाहीं यावरून दोन दिवस घरांत बोलणें चाललें. दादांचें म्हणणें असें कीं, आजोबांनीं चाळीस रुपये पगारांत चार मुलें शिकविलीं, दोन विधवा बहिणी सांभाळल्या; त्यांच्या पश्चात् त्यांच्या नांवाला बट्टा कशाला? हें म्हणणें टाकाऊ नव्हतें. मला इतकेंच सांगावेंसें वाटलें, "दादा, आजोबांनीं बहिणी सांभाळल्या हेंहि लिहूं, आणि सुनेला पाठविलें नाहीं असें मावशी म्हणतात, हेंहि लिहूं. एकाच माणसाच्या या दोन गोष्टी आहेत. एक ठेवून दुसरी पुसली, तर आजोबा कसे होते हें उद्यांच्या मुलांना कसें कळेल?" शेवटीं दोन्ही हकीकती, कोणीं सांगितल्या व केव्हां सांगितल्या त्याच्या नोंदीसह लिहिल्या. खरें काय याचा निवाडा आम्हीं केला नाहीं. तो करण्यास आजोबाहि नाहींत आणि काकूहि नाहींत. दोन दिवसांनीं वही उघडली, तों खालीं दादांच्या हस्ताक्षरांत चार ओळी आढळल्या. आजोबांची दृष्टि गेल्यावर रोजचें वर्तमानपत्र ते काकूंकडूनच वाचून घेत. दुसरा कोणी वाचूं लागला तर त्यांना तें चालत नसे. दादांना हें पन्नास वर्षें ठाऊक होतें. लिहावेंसें मात्र त्यांना त्या दिवशीं वाटलें.

यावरून आम्हांस जे नियम सुचले ते वाचकांपुढें ठेवतों. पहिला, गुण लिहूं नये, गोष्ट लिहावी. 'काटकसरी होते' असें न लिहितां, ते लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडीत असें लिहावें. दुसरा, सांगणाऱ्याचें नांव व दिनांक प्रत्येक आठवणीखालीं घालावा. दोन आठवणी जुळल्या नाहींत तर दोन्ही ठेवाव्यात. तिसरा नियम कठीण आहे. काय झांकावें? ज्या गोष्टीनें आज हयात असलेल्या माणसाचें नुकसान होईल, उदाहरणार्थ कोणाचें आजारपण किंवा कोणाच्या विवाहाची बोलणी, ती लिहूं नये. परंतु जिच्यामुळें केवळ कुळाच्या अभिमानास ओरखडा उठेल, ती लिहावी. नुकसान आणि ओरखडा यांतील भेद घरांतील वडील माणसांस बरोबर कळतो.

सालांचा घोळ पुष्कळ होतो. वृद्धांस तिथि पाठ असते, साल आठवत नाहीं. अशा वेळीं 'कोणतें साल?' असें न विचारतां, 'कशाच्या आधीं, कशाच्या नंतर?' असें विचारावें. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले तो दिवस १ एप्रिल १९५७. महाराष्ट्र राज्य झालें तें १ मे १९६० रोजीं. पानशेतचें धरण फुटलें तो १२ जुलै १९६१. त्याच वर्षीं १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. मोठा दुष्काळ १९७२ चा. 'धाकट्याचें बारसें भूकंपाच्या आधीं कीं मागून?' असें विचारतांच आजीबाईंस सगळें आठवूं लागतें, आणि बारशाबरोबर त्या पहाटे कोण कोठें धांवलें हेंहि निघतें. एखादा जुना शक सांपडला तर त्यांत ७८ मिळवावे. पौष-माघांतील तिथि असेल तर बहुधा ७९.

कागदांचीहि काळजी घ्यावी. पानशेतच्या पुरांत पुण्याच्या नदीकाठच्या वस्तींतील कित्येक घरांचीं दप्तरें एका दिवसांत चिखल झालीं. परंतु पुराहूनहि अधिक कागद रद्दीवाल्याकडे जातात, आणि तेहि आपल्याच हातांनीं. मोडींतला कागद वाचतां येत नाहीं म्हणून तो निरुपयोगी ठरवूं नये. मोडी शिकणारीं तरुण मुलें आज पुन्हां तयार होत आहेत. जुन्या छायाचित्रांच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें नांवें लिहावींत, तींहि डावीकडून उजवीकडे, क्रमानें. शाई पुढच्या बाजूस उमटते. 'मागच्या रांगेंत उभी असलेली ही कोण?' या प्रश्नाचें उत्तर देणारें माणूस बहुधा घरांत एकच उरलेलें असतें. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पूर्वजांच्या सह्या व कुटुंबांचीं नांवें आढळतात. यात्रेस जाणाऱ्यांनीं तीं उतरून आणावींत. स्त्रियांचीं विसरलेलीं नांवें कधीं कधीं तेथेंच मिळतात.

आतां शेवटची आणि सर्वांत निकडीची गोष्ट. गेलेल्यांविषयीं लिहीत असतांना जे आहेत त्यांस विचारावयाचें राहून जाऊं नये. वरसईच्या विष्णुभट गोडशांनीं १८५७ ची धामधूम उत्तरेंत प्रत्यक्ष पाहिली. ते एक गरीब भिक्षुक. चिंतामणराव वैद्यांनीं 'लिहून काढा' म्हणून सांगितलें, म्हणून 'माझा प्रवास' लिहिला गेला. तो १९०७ मध्यें छापून आला. वैद्यांसारखा विचारणारा भेटला नसता, तर झांशीची तीं पानें गोडसे भटजींबरोबरच गेलीं असतीं. आपल्या घरांतील वृद्धांनीं झांशी पाहिली नसेल; परंतु आपलें घर त्यांनीं ज्या वेळीं पाहिलें त्या वेळीं आपण नव्हतों. आज प्रत्येकाच्या खिशांत आवाज सांठवून ठेवणारें यंत्र आहे. मुलांनीं सुटींत रोज अर्धा तास आजोबा-आजीपुढें तें ठेवावें, मध्यें मध्यें बोलूं नये, आणि ऐकलेलें रात्रीं वहींत उतरावें.

पितृपक्षांत पंधरा दिवस आपण पितरांस जेवावयास बोलावतों. यंदा पानें वाढण्यापूर्वीं, ज्यांचें श्राद्ध असेल त्यांच्याविषयीं वहींतील एक पान घरांतील सर्वांत लहान वाचत्या मुलानें मोठ्यानें वाचावें. त्या मुलास पान समजेल, न समजेल. पण तर्पणांतील नांव ऐकतांच त्याच्या डोळ्यांपुढें कोणी तरी माणूस उभें राहील. तेवढें झालें तरी पुष्कळ झालें.