दारातला वेल आणि डब्यातले बी

जुन्या वस्तू जपण्याची हौस आपल्या मराठी घरांना मुळातच आहे. आजोबांची पगडी, पणजीचे तांब्याचे घंगाळ, मोडी लिपीतले कागद अशी ठेव धार-देवासच्या जुन्या घरांतून आजही पेटीत सांभाळली जाते. या वस्तू पेटीत ठेवल्या, की पिढ्यानुपिढ्या टिकतात. परंतु एक ठेव अशी आहे, की ती नुसती ठेवली तर मरते आणि मातीत घातली तर वाढते. ती ठेव म्हणजे बी. घरचे बी जपावयाचे असेल, तर ते पुनःपुन्हा पेरलेच पाहिजे, एवढेच मला येथे सांगावयाचे आहे.

उदाहरणादाखल आपल्या परिचयाचा वालाचा वेल घेऊ. माळव्याच्या बाजारात ज्याला सेम किंवा बालोर म्हणतात, तोच हा. शेंग कोवळी असता तिची भाजी होते. दाणा वाळला, की तो भिजवून, मोड आणून, सोलून डाळिंब्यांची उसळ होते. याची शेंग कोठे रुंद व चपटी, कोठे अरुंद. कोठे हिरवी, कोठे जांभळ्या कडेची. हे भेद कोणा एका शास्त्रज्ञाने घडविलेले नाहीत. ज्या गृहिणीला जी शेंग रुचली, तिचे बी तिने राखले आणि शेजारणीला दिले. अशा शेकडो वर्षांच्या निवडीतून हे वाण सिद्ध झाले.

यावर कोणी विचारील, “मंडईत स्वस्त शेंगा मिळत असता हा खटाटोप कशासाठी?” प्रश्न रास्त आहे, आणि सुधारित वाणांची निंदा करणे हे त्याचे उत्तर नव्हे. मोठ्या शेतीला ती हवीतच. पण बाजाराची गरज आणि घराची गरज एक नाही. बाजाराला सर्व शेंगा एकाच वेळी, एकाच आकाराच्या हव्या असतात. म्हणून तेथे बुटके, लवकर संपणारे झुडूप सोयीचे. घराला मात्र दोन-तीन दिवसांआड एका भाजीपुरत्या शेंगा हव्यात, त्याही हिवाळाभर. ते काम मांडवावर चढणारा जुना वेलच करतो. त्याला जागा हातभर आळ्याची लागते. बाकीचा विस्तार तो कुंपणावर, भिंतीवर, गच्चीच्या कठड्यावर करून घेतो. शिवाय त्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र मातीत आणतात. जो वाण बाजाराला नको, तो घरानेही टाकला, तर त्याला वाली कोण?

‘आपले’ बी म्हणजे तरी कोणते? पुण्याकडे आवडीने खाल्ला जाणारा डबल बी मूळचा अमेरिका खंडातला. पेरू देशातील लिमा शहराचे नाव त्याला इंग्रजीत चिकटले आहे. तरी पुणेकराला तो परका वाटत नाही. जो पेरतो, त्याचे बी. आपलीही गोष्ट वेगळी नाही. अठराव्या शतकात पवारांच्या सैन्याबरोबर मराठी माणसे माळव्यात आली आणि येथलीच झाली. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, तरी घरातली मराठी मागे उरली. ती टिकली, ती ग्रंथांच्या कपाटामुळे नव्हे, रोज बोलल्यामुळे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे गावच्या श्रीमती राहीबाई पोपेरे यांना शालेय शिक्षण लाभले नाही. परंतु घेवडा-वालाचे अनेक गावठी वाण त्यांनी आपल्या परसात लावून राखले आणि गावोगावी वाटले. २०२० साली त्यांना ‘पद्मश्री’ जाहीर झाली. दूर नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात २००८ पासून जगभरातील बियांचे भांडार बर्फाळ डोंगराच्या पोटात, उणे १८ अंशांत ठेवलेले आहे. पण तेथल्या बियांचेही आयुष्य अमर्याद नाही. केव्हातरी त्या पेरून नवे बी घ्यावेच लागते. राहीबाईंच्या परसाला जो नियम, तोच त्या भांडारालाही.

कृती अगदी साधी आहे. पाऊस स्थिरावला, की भिंतीलगत आळे करून तीन-चार बिया टोचाव्यात व वेलाला काठीचा आधार द्यावा. आषाढात लावा की श्रावणात, जुना वेल फुलतो तो दिवस लहान होऊ लागल्यावरच. म्हणून उतावीळ होऊ नये. पुढे उत्तम वेलाच्या चांगल्या शेंगा भाजीसाठी न तोडता वेलावरच वाळू द्याव्यात. सर्वांत चांगले ते बियाण्याला आणि उरलेले पानात, हाच क्रम असावा. आपण बहुधा उलट करतो. वाळलेले दाणे राखेत घोळून कोरड्या डब्यात ठेवले, म्हणजे भुंग्यापासून रक्षण होते.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या शाळेतही एक बियांची पेटी असावी, असे मला मनापासून वाटते. प्रत्येकाने घरून अथवा आजोळाहून मूठभर बी आणावे; पुडीवर वाणाचे नाव, गाव, देणाऱ्याचे नाव आणि साल लिहावे. मात्र त्या पेटीचा एकच कडक नियम हवा : बी नेणाऱ्याने पुढल्या संक्रांतीनंतर दुप्पट परत करावे. ज्याची पुडी दोन वर्षे कोणी उचलली नाही, त्या वाणाचे नाव फळ्यावर लिहावे, म्हणजे कोण संकटात आहे, हे सर्वांना कळेल. वाणाची नावे सांगणारी वडीलधारी माणसे अजून घरात आहेत, तोवर हे काम आरंभिले पाहिजे. येत्या मृगापूर्वी त्यांना एवढेच विचारा : आपल्या घरी कोणता वाल होता, आणि त्याचे बी आता कोणाकडे आहे?